आनंदाच्या विषयात नापास

गणिताच्या अनुसूयाबाईंना चित्रकलेच्या वर्गात मागच्या बाकावर बसायची सवय लागली ती पंख्यामुळे. स्टाफरूमचा पंखा उन्हाळ्याच्या तोंडावर बंद पडला आणि दुरुस्तीचा अर्ज व्यवस्थापनाच्या कुठल्या तरी टेबलावर जाऊन झोपला. चित्रकलेच्या खोलीतला पंखा मात्र भरभर फिरायचा. तेव्हा मोकळ्या तासाला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उचलून बाई तिथे जाऊन बसू लागल्या.

चित्रकलेचे शिक्षक वादिराज त्यांच्यासारखेच बेंगळुरूतल्या जुन्या मराठी घरातले. दोघांच्याही घरी मराठी पिढ्यान्‌पिढ्या बोलली जात होती, आणि बोलता बोलता तिच्यात निम्मं कन्नड मिसळलं होतं. बनशंकरीतल्या त्या इंग्रजी शाळेत ही मराठी म्हणजे दोघांची खासगी मालमत्ता होती. मुलांसमोर बोलली तरी कुणाला पत्ता लागत नसे.

एक दिवस वादिराजांनी बाईंच्या पुढ्यात कोरा कागद ठेवला.

"पेपर काय, रात्रीपण तपासता येतात अक्का. स्वल्प, जरा हे वांगं काढा."

समोर टेबलावर एक जांभळं, गरगरीत वांगं ठेवलेलं होतं आणि पाचवीची मुलं माना खाली घालून ते काढत होती. अनुसूयाबाईंनी हसत पेन्सिल उचलली. गेली तीस वर्षं फळ्यावर हाताने वर्तुळ काढणारी बाई ती. कंपास न वापरता काढलेल्या त्यांच्या वर्तुळाचं शाळेत नाव होतं. वांगं म्हणजे काय मोठंसं!

पण वांगं जमेना. काढावं तर फुगा होई, खोडून पुन्हा काढावं तर मोजा होई. छायेसाठी बाईंनी ते सगळं काळं केलं, तेव्हा शेजारच्या बाकावरच्या शमिका नावाच्या मुलीने हळूच डोकावून पाहिलं आणि अत्यंत आदराने इंग्रजीत सांगितलं, "मिस, शेड एकाच बाजूला द्यायची असते. उजेड जिकडून येत नाही ना, तिकडे."

बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. 'मला माहीत आहे' हे शब्द ओठांपर्यंत आले. मग लक्षात आलं, की खरंच माहीत नव्हतं. काहीतरी अजिबात न येण्याचा अनुभव त्यांना इतक्या वर्षांत आलाच नव्हता. त्यांनी मुकाट्याने रबर मागून घेतलं.

त्यानंतर त्या नेमाने जाऊ लागल्या. गठ्ठा बरोबर असे, पण सुटत नसे. वांग्यामागून तांब्या आला, तांब्यामागून खिडकीबाहेरचं अशोकाचं झाड. एकही चित्र कुणाला दाखवण्यासारखं झालं नाही, तरी तासाची घंटा झाली की बाईंना हळहळ वाटे. आणि त्यांच्या स्वतःच्या वर्गात एक विचित्र गोष्ट घडू लागली. एखादा मुलगा साध्या समीकरणापाशी अडला की 'एवढं सोपं येत नाही?' हे वाक्य बाईंच्या तोंडून ठरल्यासारखं सुटायचं. आता ते सुटायच्या आत डोळ्यांपुढे वांगं उभं राही, आणि बाई त्याच्या शेजारी बसून विचारत, "कुठपर्यंत समजलं, तेवढं सांग."

हे असंच चाललं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण शाळेच्या ट्रस्टने त्या वर्षी शिक्षकांच्या विकासासाठी एक कंपनी नेमली.

कंपनीतर्फे सुहास नावाचा मूळ पुण्याचा, हसतमुख तरुण आला. सभागृहात सगळ्यांना बसवून त्याने पडद्यावर उपक्रमाचं नाव झळकवलं : 'माझं शिकणं, माझा आनंद'.

"सी, आतापर्यंतची ट्रेनिंग्ज म्हणजे टॉप-डाउन होती," तो म्हणाला. "इथे तसं काहीच नाही. तुम्हाला जे आवडेल ते तुम्ही शिकायचं. नो कम्पल्शन. फक्त सगळ्यांनी करायचंच आहे."

मुख्याध्यापिका संहिता मॅडम उठल्या. त्या वयाने अनुसूयाबाईंपेक्षा बऱ्याच लहान आणि आवाजाने बऱ्याच मोठ्या. "आपल्याच शाळेत याचं सुंदर उदाहरण आहे," त्या म्हणाल्या. "मी कॅमेऱ्यावर पाहत असते. अनुसूया मिस ड्रॉइंगच्या क्लासमध्ये जाऊन बसतात."

सगळ्यांसमोर बोलणी बसणार म्हणून बाईंनी मान खाली घातली, तर टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा त्या शाळेच्या 'आनंद समन्वयक' झालेल्या होत्या.

घरी यजमान विश्वेश्वर सरकारी कारखान्यातून निवृत्त होऊन पेपर वाचत बसले होते. बातमी ऐकून ते म्हणाले, "समन्वयक केलं? मग आता तुझं चित्र संपलं."

"तुम्हाला कुणाचं चांगलं बघवतच नाही," बाई म्हणाल्या आणि नवी साडी काढून ठेवली.

कामाला मात्र त्या कंबर कसून लागल्या. अंगचा गुणच तो. प्रत्येक शिक्षकाने दुसऱ्याच्या वर्गात बसून आवडीचा विषय शिकायचा असं ठरलं. बाईंनी सगळ्यांची आवड विचारली, तर तीन चतुर्थांश शिक्षकांनी चित्रकला लिहिली. पंखा काही त्यांना एकटीलाच कळला नव्हता. पहिल्याच आठवड्यात मागचे बाक शिक्षकांनी भरले आणि पाचवीची मुलं वह्या मांडीवर घेऊन जमिनीवर बसली. शमिकाने एका सरांना छाया कुठे द्यायची ते सांगितलं, तर सरांनी तिला उभं केलं.

मग बाईंनी शिस्त आणली. आवडींची एक यादी केली, ती प्रत्येकाच्या शिकवायच्या विषयाशी जुळवली, प्रत्येक वर्गाची मर्यादा ठरवली. कंपनीने सगळ्यांच्या फोनवर एक ॲप दिलं होतं. तास संपला की शिकतानाचा फोटो चढवायचा आणि तीन चेहऱ्यांपैकी एकावर बोट ठेवायचं : हसरा, मध्यम, रडका. मध्यम दाबला की लगेच विचारणा येई, 'आनंद का झाला नाही? किमान शंभर शब्दांत लिहा.' दुसऱ्या दिवसापासून अख्खी शाळा हसू लागली.

फोटो नीट यावेत म्हणून अनुसूयाबाई स्वतःच फोन घेऊन वर्गावर्गांतून फिरत. चित्र काढायला त्यांना सवड उरली नव्हती, आणि खरं सांगायचं तर आठवणही राहिली नव्हती. दुसऱ्या एका शाळेत त्यांनी 'शिकण्यातला आनंद' या विषयावर भाषणही दिलं. पडद्यावर त्यांचं वांगं दाखवलं होतं. लोकांनी त्याला भोपळा समजून टाळ्या वाजवल्या.

अशात एक दिवस वादिराज त्यांच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"अक्का, एक मागायचं होतं. मला तुमच्या गणिताच्या तासाला बसू द्या. दहावीच्या."

बाईंनी यादीवरून बोट फिरवलं. "तुम्हाला कॉम्प्युटर लॅब दिली आहे. संगणकावरची चित्रकला. तुमच्या विषयाला धरून आहे. गणिताचा तुम्हाला काय उपयोग?"

"उपयोग नाही. पण आवडीचं घ्या म्हणाला होता ना तो सुहास?"

"आवडीचंच घ्यायचं आहे," बाई म्हणाल्या, "यादीतलं."

"सरी अक्का, ठीक आहे," वादिराज म्हणाले आणि गेले.

आठवडाभराने बाई फोटो काढायला लॅबमध्ये शिरल्या. वादिराज पडद्यासमोर बसून माउसने एक झाड काढायच्या खटपटीत होते. फांदी हवी तिकडे सोडून भलतीकडेच वळत होती. बाईंना पाहताच त्यांनी पाठ ताठ केली, चेहऱ्यावर हसू आणलं आणि फोनवरचा हसरा चेहरा दाबला.

"कसं चाललंय?" बाईंनी विचारलं.

"छान, मिस. सगळं समजतंय."

ते 'मिस' बाईंना लागलं. आणि तो चेहरा त्यांच्या चांगल्याच ओळखीचा होता. काहीच समजलेलं नसताना, आता बाई पुढे सरकल्या तर बरं, या आशेने 'समजलं' म्हणणाऱ्या मुलाचा चेहरा. अशी किती मुलं त्यांनी पाहिली होती! पण तो चेहरा आपल्या बरोबरीच्या माणसाच्या खांद्यांवर, आपल्यामुळे बसलेला, त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. फोटो न काढताच त्या बाहेर आल्या. जिन्यावर उभं राहून त्यांनी स्वतःचेच शब्द आठवून पाहिले, 'यादीतलं'. लाज वाटली, आणि मग स्वतःचा असा राग आला की हातातला फोन त्यांनी पर्समध्ये तळाशी कोंबला.

मधल्या सुट्टीत त्या चित्रकलेच्या खोलीत गेल्या. "वादिराज, मी चुकले. उद्यापासून दहावीला या. पण गणितच का, ते तरी सांगा."

वादिराज ब्रश धुता धुता म्हणाले, "शाळेत गणितात मी कायम काठावर. चित्रकला घेतली ती गणित सुटावं म्हणूनच. आता सातवीला मी शिकवतो, की रस्ता लांब जाताना अरुंद होतो, विजेचे खांब लहान होत जातात. परवा एका मुलीने विचारलं, सर, नेमके किती लहान? दुसरा खांब पहिल्याच्या अर्धा की पाऊण? मी म्हणालो, अंदाजाने काढायचं, असंच असतं. तिने मान हलवली. पण मलाच बरं वाटलं नाही अक्का. जन्मभर मी अंदाजानेच काढत आलोय."

दहावीत तेव्हा समरूप त्रिकोण नुकतेच सुरू झाले होते. वादिराज येऊन शेवटच्या बाकावर बसले. मुलांनी आधी खुसफुस केली, मग दुर्लक्ष केलं. बाईंनी दोन त्रिकोण काढले, बाजू प्रमाणात असतात हे लिहिलं, आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "समजलं?" वर्ग नेहमीप्रमाणे "येस मिस" म्हणाला. मागून एक हात वर आला.

"मला नाही समजलं," वादिराज म्हणाले. "कोन तेवढेच राहिले तर बाजू त्याच प्रमाणात का वाढतात? एखादी जास्त वाढली तर?"

वर्ग खदखदून हसला. बाई उत्तरल्या, "कारण प्रमेयच तसं आहे," आणि वाक्य पुरं व्हायच्या आतच त्यांना जाणवलं, की हे उत्तर नव्हे. हे 'असंच असतं'चंच इस्त्री केलेलं रूप. हसू विरल्यावर पुढच्या बाकावरचा एकजण चाचरत म्हणाला, "मिस, खरं म्हणजे मलापण ते कळलं नाहीये." मग आणखी दोघं. मग निम्मा वर्ग.

बाईंनी खडू वादिराजांच्या हातात दिला. "तुमचा रस्ता काढा इथे."

वादिराजांनी दोन फटक्यांत रस्ता काढला, दूर क्षितिजावर जाऊन मिळणारा, आणि त्याच्या कडेला खांब. बाईंनी खांबांच्या टोकांवरून आणि बुडांवरून रेषा ओढल्या. त्या नेमक्या त्या क्षितिजावरच्या बिंदूत मिळाल्या, आणि फळ्यावर एकात एक बसलेले त्रिकोण दिसू लागले. बाई स्वतःच दोन पावलं मागे सरल्या. इतकी वर्षं हे त्रिकोण त्या शिकवत आल्या होत्या, पण रस्त्यात उभे असलेले त्यांनी कधी पाहिले नव्हते. मुलं बाक सोडून पुढे आली. कुणी पट्टी लावून खांब मोजू लागलं, कुणी बाजूंना जास्त ताणून पाहिलं आणि कोन कसा बिघडतो ते ओरडून सांगितलं. घंटा झाली ती कुणाला ऐकूच आली नाही. पुढच्या तासाचे सर दाराशी येऊन खाकरले तेव्हा कळलं.

फोटो काढायचा राहून गेला. चेहरा दाबायचाही राहून गेला. त्या दिवशी राहिला, मग रोजच राहू लागला. वादिराज दहावीत बसत, बाई पुन्हा पाचवीत बसत. वांगं हळूहळू वांग्यासारखं दिसू लागलं होतं.

सत्र संपलं आणि सुहास लॅपटॉप घेऊन आला. संहिता मॅडमच्या खोलीत त्याने दोघांना फार मृदू आवाजात सांगितलं, "मॅम, सर, प्लीज पर्सनली घेऊ नका. पण डेटा असं दाखवतो, की तुमचा लर्निंग जॉय एकदम झिरोला आलाय. शाळेत सगळ्यात कमी. आय ॲम सो सॉरी."

"पण आम्ही तर..." वादिराज बोलू लागले. बाईंनी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. शिकलेलं सगळं यादीत बसवून दाखवायचं बळ आता त्यांच्यात नव्हतं.

समन्वयकपद हिंदीच्या मिसकडे गेलं. त्यांचा आनंद शंभर टक्के होता. दसऱ्याच्या सुट्टीतही त्या रोज शिकल्या होत्या. आणि आनंदात मागे राहिलेल्या शिक्षकांसाठी कंपनीने शनिवारी यशवंतपूरला एक सुधार-कार्यशाळा ठेवली होती, तिथे दोघांची रवानगी झाली.

"तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा नापास झाले," मेट्रोत बाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. वादिराज म्हणाले, "मला सवय आहे अक्का. पहिल्या वेळेला जरा टोचतं."

यशवंतपूरच्या स्टेशनजवळ तिसऱ्या मजल्यावर हॉल होता. शहरातल्या वेगवेगळ्या शाळांतले पंधरा-वीस नापास शिक्षक खाली माना घालून बसले होते. सुहासचा पत्ता नव्हता. थोड्या वेळाने सगळ्यांच्या फोनवर त्याचा निरोप आला : के. आर. पुरमच्या पुलावर अडकलो आहे, हलायला जागा नाही, तोवर कृपया रिलॅक्स करा.

काही वेळ सगळ्यांनी आज्ञेप्रमाणे रिलॅक्स केलं. मग शेजारचे एक गृहस्थ वादिराजांना म्हणाले, "तुम्ही कशात गेलात?" जणू तुरुंगात गुन्हा विचारावा तसं.

"फोटो नाही टाकले. तुम्ही?"

"मीपण. मी उपेंद्र, केमिस्ट्री शिकवतो. घरी साबण करायला शिकत होतो, मुलांना घेऊन. हात सगळे साबणाचे, फोन कसा धरणार? बायको म्हणते, एवढ्या वड्या झाल्या आहेत की आता दुकान टाका."

पलीकडून एक बाई हसल्या. त्यांचं नाव विद्या. त्या इतिहास शिकवत, आणि रविवारी गावाबाहेरच्या जुन्या देवळांमधले शिलालेख वाचायला शिकत. "माझ्याकडे फोटो खूप होते," त्या म्हणाल्या, "पण सगळे दगडांचे. ॲप म्हणालं, यात तुमचा हसरा चेहरा दिसत नाही."

मग एकेकाची चौकशी सुरू झाली. एक जण तबला शिकत होता, एकीने शाळेमागच्या नाल्यातल्या बेडकांचे आवाज ओळखायला सुरुवात केली होती. अख्ख्या हॉलमध्ये न शिकलेला माणूस एकही नव्हता. वादिराजांनी खांबांची हकीकत सांगितली, तर उपेंद्र म्हणाले, "दाखवा की." आणि फळ्याकडे जाता जाता अनुसूयाबाईंचं लक्ष खिडकीतून बाहेर गेलं. खाली यशवंतपूरच्या यार्डातले रूळ दूरवर पसरत आणि जवळ जवळ येत एका ठिकाणी मिसळत होते.

"फळा राहू दे," बाई म्हणाल्या. "इकडे या सगळे."

सगळे खिडकीला डोकी लावून उभे राहिले. बाईंनी काचेवर मार्करने रेषा ओढल्या, वादिराजांनी त्यात सिग्नलचे खांब बसवले, आणि एक डोळा मिटून ते खऱ्या खांबांशी जुळतात का हे बघायला रांग लागली. तबलेवाले सर म्हणाले, एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर यायच्या तिहाईतही असंच काहीसं प्रमाण असतं, आणि टेबल वाजवून दाखवू लागले. विद्याबाईंनी हजार वर्षांपूर्वीचा कन्नड 'अ' फळ्यावर काढला. वादिराज तो गिरवता गिरवता म्हणाले, हे अक्षर नव्हे, हे तर चित्रच आहे. अनुसूयाबाईंनी बेडकाचे तीन आवाज शिकून घेतले. तिसरा काही त्यांना साधला नाही.

दुपारच्या जेवणाच्या वेळेला घामाघूम झालेला सुहास हॉलच्या दारात उभा राहिला. आत एक बाई बेडकासारखं ओरडत होती आणि भोवतीचे लोक डोळे पुसत हसत होते. त्याने आधी फोन काढला, फोटो घेतला, आणि मग आत आला.

"वॉव," तो म्हणाला. "सकाळपर्यंत तुमचा स्कोअर झिरो होता! म्हणजे वर्कशॉप काम करतंय."

"फारच छान झालं वर्कशॉप," अनुसूयाबाई अगदी मनापासून म्हणाल्या. "तुम्ही उगाच घाई केलीत."

जेवणानंतर त्याने पडद्यावर आपली सरकचित्रं दाखवली. सगळ्यांनी ती शांतपणे पाहिली. बिचारा तीन तास पुलावर बसून आला होता. मध्येच विद्याबाईंनी विचारलं, "सर, तुम्ही स्वतः हल्ली काय शिकताय?" सुहास गोंधळला. "ॲक्च्युअली, गुड क्वेश्चन," म्हणाला आणि पुढचं चित्र लावलं. पण निघताना तो खिडकीशी रेंगाळला. काचेवरच्या रेषा पाहत, एक डोळा मिटत, उघडत उभा राहिला.

"हे काय आहे, मॅम?"

बाईंनी समजावून सांगितलं. त्याने दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्याचा चेहरा उजळला. "अरे! म्हणजे रूळ मिळत नाहीत, पण मिळतात! धिस इज सो गुड. हे आपण प्रोग्रॅममध्ये घेऊ. सगळ्या शाळांना कम्पल्सरी करू."

बाईंनी घाबरून वादिराजांकडे पाहिलं.

"नको सर," वादिराज हात जोडून म्हणाले. "आनंद हा आमचा कच्चा विषय. म्हणून तर तुम्ही इथे पाठवलंत."

खाली स्टेशनपाशी सगळे घोळका करून उभे राहिले. कुणाचाच पाय निघत नव्हता. पुढची सुधार-कार्यशाळा सहा महिन्यांनी होती आणि तिथे फक्त नापासांनाच प्रवेश होता. उपेंद्रांनी गंभीरपणे विचारलं, "काय करावं लागेल?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "फोनला हात लावायचा नाही."

पुढच्या सत्रात अनुसूयाबाईंनी हे नेटाने पाळलं. सत्राच्या शेवटी सुहासने खिन्न होऊन त्यांना निकाल सांगितला, तेव्हा त्यांनी चेहरा पाडून तो ऐकला आणि बाहेर येऊन वादिराजांना खूण केली. या वेळी त्यांच्या शाळेतले आणखी चौघं नापास झाले होते, आणि कंपनीला मोठा हॉल शोधावा लागला.